शेवटचं वाक्य पुन्हा तपास

आमचं बिऱ्हाड पालघरला भातगिरणीच्या मागे होतं. गिरणी सुरू झाली की तिचा लांब पट्टा एका लयीत फटफटत राही आणि आमच्या दोन खोल्यांतली फळीवरची भांडी बारीक थरथरत. कोंड्याची धूळ सगळीकडे. अंथरुणावर, देवांवर, पाण्याच्या माठावरच्या झाकणीवर. आई दिवसातून तीन वेळा झाडायची आणि तीन वेळा म्हणायची, "ही धूल माजा जीव घेल." ती केळव्याची, पानवेलींच्या बागेतून आलेली. ओल्या सावलीत वाढलेल्या बाईला ही कोरडी, खाजरी धूळ कधी मानवली नाही. माझे वडील, नाना, मूळचे संगमेश्वराकडचे. त्यामुळे घरात दोन तऱ्हांचं खाणं असे. आईला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी असली की पुरे. नानांना आठवड्यातून दोनदा तरी कुळथाचं पिठलं लागे. मला दोन्ही आवडायचं, आणि दोघांपैकी कोणाचं जास्त आवडतं हे मी कधी सांगितलं नाही.

नाना खाडीकाठच्या एका मिठागरावर मुकादम होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या धोतराचा काठ पांढरा आणि कडक झालेला असे, वाळवलेल्या माशासारखा. आई ते धोतर आधी साध्या पाण्यातून काढायची, मग साबण लावायची. नाना कमी बोलत. मिठागरावर ओरडावं लागतं म्हणून घरी त्यांचा आवाज शिल्लक राहत नसावा, असं मला लहानपणी वाटायचं. जेवताना ते ताटाकडे बघून जेवत. कोणी काही विचारलं तर "हं" किंवा "बघू". त्यांचे वडील कोण होते, गाव का सोडलं, हे मला वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. विचारावं असंही वाटलं नव्हतं. आज माझी नात मला दिवसभर प्रश्न विचारते, तेव्हा मला त्या घरातल्या शांततेचं नवल वाटतं. पण तेव्हा ती शांतता म्हणजेच घर होतं.

अकरावीची, तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा झाली आणि निकाल लागेपर्यंतचे दोन-अडीच महिने मोकळे पडले. आमचे विज्ञानाचे आठल्ये सर पालघरहून माहीमला जाणाऱ्या रस्त्याला राहत. एकटेच. बायको वारली होती, मुलगा कुठे दूर नोकरीला. ते बाजारात भेटले आणि म्हणाले, "कुसुम, रिकामी आहेस ना? रविवारी तीनला पडवीत ये. काही माणसं येतात. त्यांना वाचून दाखवायला आणि फळ्यावर लिहायला कोणीतरी हवंय, माझा हात आता कापतो." मी घरी सांगितलं की सरांकडे शिकवायला जाते. ते खोटं नव्हतं आणि पुरतं खरंही नव्हतं.

पडवीत चटई अंथरलेली असे. नेमाने येणारे दोघंच. एक दत्तू शिंपी, बाजारात त्याचं दुकान होतं, बोलताना बोटांनी हवेत कापड मोजायची त्याला सवय. दुसरी जानीबाई. ती नानांच्याच मिठागरावर कामाला होती. चाळिशीची, उंच, पायांना खाऱ्या पाण्यानं पडलेल्या भेगा, आणि प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं काहीतरी म्हणणं असलेली. मला पाहिल्यावर ती पहिल्या दिवशी म्हणाली, "मुकादमाची पोर हाय ही." सर म्हणाले, "माझी विद्यार्थिनी आहे." ती म्हणाली, "दोन्ही असंल."

सरांकडे खरखरीत कागदावर छापलेली एक पातळ पुस्तिका होती. तिच्यावर जो शब्द होता तो मला पहिल्यांदा धड उच्चारताही आला नाही: विरोधविकासवादी भौतिकवाद. मी फळ्यावर लिहिला तेव्हा तो फळ्याच्या या टोकापासून त्या टोकाला पोचला. दत्तू म्हणाला, "सर, एवढ्यात सदरा होईल." सर हसले. म्हणाले, "शब्द सोडा. आधी मला सांगा, या पडवीत न बदलणारी गोष्ट कोणती?" दत्तूनं भिंत दाखवली. सरांनी नखानं भिंतीचा पोपडा काढून त्याच्या हातावर ठेवला. मी म्हटलं, समोरचं चिंचेचं झाड. मग माझंच लक्ष त्याच्याखाली पडलेल्या पानांकडे गेलं. जानीबाई म्हणाली, "काय बी नाय. समदा हालतंय. जो हालत नाय असा वाटतो ना, त्याच्याकडं आपून नीट बघतलं नसतं."

तिथून सरांनी सुरुवात केली. ते म्हणाले की जग आपल्या विचारातून निघालेलं नाही. आपले विचार जगातून निघालेले आहेत. माणूस कसा जगतो, काय काम करतो, कोणाबरोबर करतो, यातून त्याच्या डोक्यात काय येतं ते ठरतं. हा भौतिकवाद. जानीबाईनं मान डोलावली. "पोटात भूक असली का डोस्क्यात बी तीच." सर म्हणाले, "बरोबर, पण डोकं म्हणजे नुसता आरसा नाही. डोक्यातलं पुन्हा हातात उतरतं आणि जग बदलतं." मग दुसरा भाग. कुठलीही गोष्ट एकटी नसते आणि थांबलेली नसते. तिच्या पोटात दोन ओढी असतात, एकमेकींच्या उलट, तरी एकमेकींना धरून. त्या ओढाताणीतून ती पुढे सरकते. बराच काळ बदल बारीकसारीक साचत राहतो, दिसतही नाही, आणि मग एका टप्प्याला गोष्ट दुसरीच होऊन जाते. नवी गोष्ट जुनीला मोडते, पण जुनीतलं काही घेऊनच उभी राहते.

पुस्तिकेत यासाठी पाण्याचं उदाहरण होतं. पाणी तापत तापत जातं आणि उकळलं की वाफ. मी ते ठसक्यात वाचून दाखवलं. जानीबाईला ते फारसं पटलं नाही. "आमच्याकडं मीठ असा एकदम नाय पडत. पानी दाट होत होत जाते, दिस जाते. मग वारा पडला का वर साय येते, पातळ, दुधावर येते तशी. ती सायच मीठ. पन वारा उठला तर साय मोडते, नि मग लांबते. नुसती उनाची गोष्ट नाय ती. वारा हाय, खालची माती हाय, मानसाचा हात हाय." सर जागेवरून उठले. मला म्हणाले, "हे त्या पानाच्या कडेला लिही. उकळण्याच्या उदाहरणाच्या बरोब्बर शेजारी." मी लिहिलं. छापील पुस्तकात कोणा कामकरी बाईचं बोलणं पेनानं लिहिणं मला त्या वयात मोठा अपराध वाटला होता.

मग सरांनी गृहपाठ दिला. "पुस्तक पाठ करू नका. रोज दिसणारी एक गोष्ट घ्या किंवा एक माणूस घ्या, आणि तीन प्रश्न विचारा. हे कशाकशाला बांधलेलं आहे? हे आलं कुठून, चाललं कुठे? याच्या पोटात कोण कोणाशी झगडतंय? बघा, विचारा, मग लिहा. आधी उत्तर ठरवून बघायला जाऊ नका."

मी नानांवर लिहिलं. लिहायला मला एक दुपार पुरली. मी त्यांना काही विचारलं नाही. मिठागरावर गेले नाही. नव्या शब्दांची धुंदी होती, आणि शब्द इतके धारदार होते की वापरून बघायचा मोह आवरेना. मी लिहिलं की मुकादम हा मालकाचा हात असतो. तो कामगारांतून वर आलेला असला तरी त्याचं हित आता मालकाच्या हिताला बांधलेलं असतं. तो कामगारांवर ओरडतो आणि मालकासमोर गप्प राहतो. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं: "अशा माणसाकडून बदलाची अपेक्षा करता येत नाही." वही सरांना दिली. पुढच्या रविवारी ती परत आली तेव्हा त्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "शेवटचं वाक्य पुन्हा तपास." बाकी काही नाही. मला राग आला. सर वयामुळे मऊ झालेत असं मी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात मिठागरावर काम थांबलं. कारण पाणी. मिठागरावर पिण्याचं पाणी नव्हतं. बायका घरून कळशी घेऊन दीड-दोन मैल चालत येत आणि उन्हं चढेपर्यंत ती संपून जाई. त्या उन्हाळ्यात एक बाई मिठाच्या वाफ्यातच चक्कर येऊन पडली. लोकांनी मागितलं ते एवढंच की रोज गोड्या पाण्याची एक गाडी आत यावी. मिठागराच्या मालकानं, शेठनं, निरोप पाठवला की मीठ काढून झालं की बघू. लोकांनी फावडी खाली ठेवली. पावसाच्या आत मीठ ओढून, ढीग करून झाकायचं असतं; नाहीतर वर्षभराचं काम वाहून जातं. त्यामुळे दोन्ही बाजूंना घाई होती.

पुढच्या सोमवारी जेवताना नाना नेहमीसारखे ताटाकडे बघत आईला म्हणाले, "बुधवारी सकाळी लवकर डबा दे. मनोरला जायचंय. तिकडच्या पाड्यांवरून माणसं आणायची आहेत, ट्रक ठरलाय." आईनं विचारलं, "आनि इथली?" नाना म्हणाले, "हं." मी पानावरून उठले, हात धुतले आणि आईला सांगितलं की दत्तूकडे पोलकं टाकायचंय. दुकानात दत्तू बटणं लावत होता. जानीबाईला कळवायला म्हणून मी त्याला ट्रकचा दिवस आणि वेळ सांगितली. तो माझ्याकडे बघत राहिला. "कुसुमताई, तुमचे वडील आहेत ते." मी म्हटलं, "म्हणूनच मला माहीत आहे." किती ताठ मानेनं मी हे बोलले, ते आठवलं की आज या वयातही माझे कान तापतात. मी केलं ते चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण ज्या सहजपणे केलं, ती सहजता चूक होती.

बुधवारी सकाळी मनोरकडून येणारा रस्ता जिथे खाडीकडे वळतो तिथे वीस-पंचवीस बायका रस्त्यातच बसल्या होत्या. जानीबाई पुढे, शेजारी पाण्यानं भरलेल्या दोन कळश्या. मी मधोमध, डोक्यावरून पदर घेऊन. नऊच्या सुमाराला ट्रक आला. वर पाड्यांवरची माणसं दाटीवाटीनं उभी, काही बायकांच्या कडेवर पोरं. नाना पुढे ड्रायव्हरच्या शेजारी. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कोणी हललं नाही. नानांची नजर बायकांवरून फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली. मग त्यांनी मान वळवली आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. मी काहीतरी ओरडायचं ठरवून आले होते. त्याऐवजी मी पदर आणखी पुढे ओढला.

ट्रकवर एक पोर रडायला लागलं. त्याच्या आईनं वरून विचारलं, "पानी हाय का गो?" जानीबाई उठली, कळशी उचलून वर दिली. कळशी हातोहात फिरली. एका म्हाताऱ्यानं पाणी पिऊन तोंड पुसलं आणि खाली वाकून विचारलं, "तुमी काय बसल्यात अशा?"

"पान्यासाठी," जानीबाई म्हणाली.

"आत पानी नाय?"

"नाय. घोटभर बी नाय."

म्हातारा ट्रकवरून उतरला. सावकाश चालत नाना बसले होते त्या दाराशी गेला. "मुकादम, तू पाड्यावर येऊन बोललास, आत पानी हाय. शेठ पानी देते, सावली देते. बोललास ना?"

सगळे नानांकडे बघत होते. वरची माणसं, खालच्या बायका, ड्रायव्हर, मी. नाना दार उघडून खाली उतरले. टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं आता ते ओरडणार, मिठागरावर ओरडतात म्हणे तसे. ते अगदी घरच्या आवाजात बोलले, "पाणी नाही. मी खोटं बोललो."

म्हाताऱ्यानं कळशीकडे बघितलं. मग म्हणाला, "मग आमी कसा काम करू? आमाला बी पानी लागंल ना?" आणि वर बघून आपल्या माणसांना म्हणाला, "चला, माघारी."

भांडण झालं नाही, घोषणा झाल्या नाहीत. नाना ड्रायव्हरला म्हणाले, "ट्रक वळव. यांना पाड्यावर सोडून येऊ." ड्रायव्हर म्हणाला की शेठनं तसं सांगितलेलं नाही. नाना म्हणाले, "आणलं मी. पोचवणार मी." ते पुन्हा चढून बसले. ट्रक मागेपुढे करत वळला आणि धूळ उडवत गेला. जानीबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुला ठाव होता, तो असा बोलंल?" मी नाही अशी मान हलवली. "मला बी नाय," ती म्हणाली.

नाना दुपारी एस.टी.च्या मोटारीनं परत आले आणि घरी न येता आधी शेठकडे गेले. तिथे काय झालं ते आम्हाला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. त्यांनी सांगितलं की पाणी दिल्याशिवाय कुठलीच माणसं येणार नाहीत, आणि यायला सांगायला मी जाणार नाही. शेठ म्हणाले, मग उद्यापासून तूही येऊ नकोस. चार दिवसांनी आभाळ भरून यायला लागलं तसा शेठचा धीर सुटला आणि पाण्याची बैलगाडी आत गेली. लोक कामावर गेले. नाना गेले नाहीत. तिथे दुसरा मुकादम आला होता. नानांनी पाड्यावर सांगितलेल्या सावलीचं काही झालं नाही, आणि पुढच्या वर्षी पाण्याची गाडी कधी येई, कधी येत नसे, असं जानीबाई सांगायची.

त्या बुधवारी नाना घरी आले तेव्हा चार वाजून गेले होते. आईनं भात झाकून ठेवला होता, वालाचं बिरडं पुन्हा गरम केलं. गिरणी चालू होती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, ओरडा खायच्या तयारीनं. नाना चार घास जेवले आणि म्हणाले, "तुझी वही वाचली मी. परवाच. फळीवर होती."

मी फळीकडे बघितलं. वही तिथेच होती.

"अर्धं बरोबर आहे."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "आणि उरलेलं?"

नानांनी भातावर बिरड्याचा रस ओढला. "उरलेलं मलाच ठाऊक नव्हतं. तुला कुठून कळणार?"

आई म्हणाली, "काय बोलताय दोघं? नोकरीचा काय झाला?" नानांनी ते दोन वाक्यांत सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला, मग उठून त्यांना आणखी भात वाढला. नंतर ती मागच्या दारी जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली, घासून झालेली भांडीसुद्धा. दत्तूला मी सांगितलं हे नानांना कळलं होतं, आणि मला ते कळलं होतं. त्यावर आम्ही त्या दिवशीही बोललो नाही, पुढेही कधी नाही.

संध्याकाळी मात्र त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. "तो लांब शब्द काय आहे सांग." मी सांगायला लागले. भौतिकवाद, विरोध, विकास, ते तीन प्रश्न, जानीबाईची मिठावरची साय. इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आणि हे सगळं बघणारा माणूस? तो कुठे उभा असतो? बाहेर?" मी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. पुढे मी कित्येक वर्षं शाळेत शिकवलं, मोर्चांत चालले, सभांत बोलले, आणि हाच विचार तयार शिक्क्यासारखा माणसांवर उमटवणारे पुष्कळ पाहिले. काही काळ मीही त्यांतलीच होते. हा माणूस अमुक, तो तमुक, शिक्का मारला की विचार करायचं काम संपलं. त्या शिक्क्यापासून मला दरवेळी मागे खेचलं ते नानांच्या या प्रश्नानं. पुस्तिकेत तो नव्हता. निदान मला तरी सापडला नाही.

त्या रविवारी मी तो प्रश्न सरांना विचारला. सरांनी समोरच्या चिंचेकडे बोट दाखवलं. "बाहेर नसतो," ते म्हणाले, "बाहेर उभं राहायला जागाच नाही. बघता बघता बघणाराही बदलतो. पण हे तुला पुस्तकात वाचून नाही सुचलं. कोणी विचारलं?"

"वडिलांनी."

"पुढच्या रविवारी घेऊन ये त्यांना."

मला वाटलं नव्हतं ते येतील. आले. धुतलेला सदरा घालून, केस विंचरून, लग्नाला निघाल्यासारखे. पुढे महिन्याभरात त्यांना तारापूरला समुद्रकाठच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे गोदाम सांभाळायचं काम मिळालं. पहाटे बोईसरला जाऊन पुढे जावं लागे, रविवारी पडून राहत. त्यामुळे पडवीत ते एकूण तीनदाच आले असतील, आणि त्यांतल्या एकदा तर भिंतीला टेकून झोपले. पण तो पहिला रविवार मला पुरता आठवतो. ते पायरीशी घुटमळत होते. चटईवर दत्तू होता आणि जानीबाई होती, आणि त्या दिवशी मिठागरावरच्या आणखी दोघी. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जानीबाईनं पाय आवरून घेतले, बाजूला सरकली आणि म्हणाली, "बसा. पन इथं मुकादमी नाय हां."

"ती बुधवारीच सुटली," नाना म्हणाले आणि बसले.

सर म्हणाले, "आज पुस्तिका नको. तुम्हीच सांगा. त्या दिवशी रस्त्यावर काय झालं, आणि तुम्ही तसं का बोललात?"

नानांनी खाली बघत धोतराचा काठ सारखा केला. मला वाटलं आता "हं" म्हणतील. मग त्यांनी मान वर केली.

"त्या दिवसापासून नाही सांगता येणार," ते म्हणाले. "माझ्या वडिलांपासून सांगावं लागेल."

"मग तिथून सांगा," सर म्हणाले. "घाई नाही."